नाण्यांची स्वामित्वपरंपरा : धाराशिव जिल्हा

एखादे नाणे टांकसाळीतून बाहेर पडल्यापासून आजच्या धारकाकडे येईपर्यंत ज्या व्यक्तींच्या, संस्थांच्या वा देवस्थानांच्या ताब्यात राहिले, त्यांची पुराव्यानिशी जुळविलेली साखळी म्हणजे त्या नाण्याची स्वामित्वपरंपरा होय. या साखळीचा पहिला भाग बहुधा अज्ञातच राहतो. चलनात फिरणाऱ्या नाण्याला मालकाचे नाव चिकटत नाही. नाणे जमिनीत पुरले जाते, दागिन्यात ओवले जाते, देवास वाहिले जाते किंवा संग्राहकाच्या पेटीत जाते, म्हणजेच चलनातून बाहेर पडते, तेव्हापासूनच त्याचा माग काढणे शक्य होते. नाणकशास्त्रात या साखळीचे महत्त्व दुहेरी आहे. नाणे अस्सल आहे काय व ते विकणाऱ्याचा त्यावर हक्क आहे काय, हे तीवरून ठरते. आणि नाणे मूळ कोठे मिळाले हे ठाऊक असेल, तरच ते त्या स्थळाच्या इतिहासाचा पुरावा ठरते. साखळी तुटलेले नाणे वजनाने व रूपाने तेच असले, तरी ते फारसे काही सांगू शकत नाही.

दोन निरनिराळ्या काळांतील नोंदींत आढळणारे नाणे एकच आहे, हे सिद्ध करणे ही या शोधातील पहिली पायरी. यंत्राने पाडलेल्या आधुनिक नाण्यांच्या बाबतीत ती अवघड असते, कारण सर्व नमुने सारखेच असतात. याउलट हाताने ठोकलेल्या जुन्या नाण्यांत दोन नमुने तंतोतंत सारखे जवळजवळ नसतातच. ठसा चकतीच्या मध्यावर न बसता एका बाजूस सरकणे, अक्षरांचा काही भाग काठाबाहेर जाणे, चकतीच्या कडेस तडा असणे, खरेपणा पाहण्यासाठी सराफांनी मारलेल्या बारीक खुणा, दागिन्यासाठी पाडलेले भोक अथवा डाखलेली कडी ही त्या त्या नाण्याची ओळखचिन्हे होत. त्यांच्या जोडीला ग्रॅमच्या शतांशापर्यंत घेतलेले वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे असली, की ओळख पक्की होते. छायाचित्रणाचा प्रसार होण्यापूर्वी प्लॅस्टरचे साचे घेण्याचा प्रघात होता. संग्राहकाने नाण्याच्या कागदी पाकिटावर स्वहस्ते लिहिलेला मजकूर, लिलावाच्या छापील सूची, संग्रहालयाच्या आवक नोंदवह्या, पोलिसांचे पंचनामे आणि संशोधनपत्रिकांतील चित्रफलक ही इतर साधने. यांपैकी पाकिटावरील मजकूर सर्वांत नाजूक असतो. संग्राहकाच्या मृत्यूनंतर वारस नाणी एका पिशवीत ओतून पाकिटे फेकून देतात, आणि आयुष्यभर जमविलेली माहिती एका दुपारी नाहीशी होते.

अशा शोधाचे सर्वपरिचित जागतिक उदाहरण अमेरिकेच्या १९३३ सालच्या वीस डॉलरच्या सुवर्णनाण्याचे आहे. ही नाणी चलनात न आणता वितळविण्याचा आदेश निघाला होता; तथापि काही नाणी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून बाहेर गेली. त्यांपैकी एक १९४४ मध्ये ईजिप्तचा राजा फारूक याने रीतसर परवाना मिळवून देशाबाहेर नेले. त्याच्या पदच्युतीनंतर १९५४ मध्ये कैरो येथे झालेल्या लिलावातून ते अमेरिकेच्या विनंतीवरून मागे घेण्यात आले व नंतर दिसेनासे झाले. १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे एक नाणे जप्त करण्यात आले, तेव्हा ते फारूकचेच असल्याचा दावा झाला आणि १९४४ च्या त्या परवान्यामुळे वाद तडजोडीने मिटला. ते २००२ मध्ये पंचाहत्तर लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस व २०२१ मध्ये सु. एक कोटी एकोणनव्वद लक्ष डॉलरांस विकले गेले. त्याच सालची व त्याच टांकसाळीची इतर नाणी बेकायदेशीर मानून सरकारजमा झाली. धातूचे मोल सारखे असूनही एवढे अंतर पडले ते एका सरकारी कागदामुळे.

धाराशिव जिल्ह्याची नोंदविषयक अडचण : या जिल्ह्यात मिळालेल्या नाण्यांचा माग काढताना प्रथम जिल्ह्याच्याच नावांचा उलगडा करावा लागतो. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. प्रारंभी तो नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले. धाराशिव हे गावाचे जुने नाव इंग्रजी कागदपत्रांत ‘धारासेव’ अशा रूपातही आढळते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा करण्यात आला आणि २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. त्यामुळे एकाच परिसरातील नाणी निरनिराळ्या सूचींत तीन नावांखाली विखुरलेली असू शकतात. उलटपक्षी, १९८२ पूर्वीच्या सूचीतील ‘उस्मानाबाद जिल्हा’ एवढीच नोंद आजच्या लातूर जिल्ह्यातील एखाद्या गावाचीही असू शकते. गावाचे नाव नसलेली जिल्ह्याची नोंद म्हणूनच जवळजवळ निरुपयोगी ठरते.

राजकीय सीमेचाही परिणाम झाला. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व खाते स्थापन केले. संस्थानी हद्दीत सरकारजमा होणाऱ्या नाणेनिधींची वाट स्वाभाविकपणे राजधानीकडे, हैदराबादच्या संग्रहालयाकडे जाई. मात्र जिल्ह्याच्या पश्चिमेकडील गावांना जवळच्या मोठ्या बाजारपेठा बार्शी व सोलापूर या होत्या आणि त्या ब्रिटिश मुलखात होत्या. सोन्यारुप्याचे नाणे घेऊन सराफाकडे जाणारा माणूस काही कोसांत एका राज्याच्या कायद्यातून दुसऱ्या राज्याच्या कायद्यात जात असे. मराठवाड्यातील नाण्यांचा अभ्यास करणाऱ्यास यामुळे हैदराबाद, मुंबई व नागपूर अशा तिन्ही ठिकाणच्या सूची पाहाव्या लागतात. सातवाहन नाण्यांचे थोर अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहून हैदराबादचे संग्राहक हुर्मुझ कौस यांच्या संग्रहातील अनेक नाणी प्रसिद्ध केली व प्रत्येक वेळी संग्राहकाचे नाव नमूद केले. या शिस्तीमुळेच त्या नाण्यांच्या साखळीतील निदान एक दुवा कायमचा बांधला गेला.

तेर : जिल्ह्यातील नाण्यांचे सर्वांत महत्त्वाचे प्राप्तिस्थान म्हणजे तेरणा नदीकाठचे तेर हे गाव. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते वारकऱ्यांस परिचित आहे. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचे व तेथील कापड भडोच बंदराकडे जात असल्याचे सांगितले आहे. हे तगर म्हणजेच तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी येथील विटांच्या प्राचीन मंदिरांचे वर्णन केले. पुढे शिलाहार राजे स्वतःस तगरपुरचे अधीश्वर म्हणवीत, यावरूनही या नगराची प्रतिष्ठा ध्यानात येते.

गावाभोवती प्राचीन वस्तीची टेकाडे आहेत. मराठवाड्यात अशा जागेस पांढर म्हणतात. माळवदाच्या घरांवर घालण्यासाठी व शेतात खत म्हणून ही पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या खणून नेली जात असे. तिच्याबरोबर मणी, मातीच्या मूर्ती आणि नाणीही जात. पावसाळ्यात टेकाडांच्या उतारावरील माती वाहून गेली, की नाणी वर उघडी पडत व गुराख्यांच्या व मुलांच्या हाती लागत. सातवाहनांची नाणी मुख्यतः शिसे, तांबे व पोटीन या मिश्रधातूची आहेत. एका बाजूस सोंड उचललेला हत्ती व त्याभोवती राजाचे नाव ब्राह्मी लिपीत, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह, असा एक नेहमीचा प्रकार होय. या धातूंना सराफाकडे किंमत नव्हती, हे एका परीने सुदैवच म्हणावे लागेल. सोन्याचे नाणे मुशीत गेले असते. शिशाचे नाणे कोणास नको असल्यामुळे गावातच राहिले.

ते गोळा करण्याचे काम तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी केले. गावकऱ्यांकडून मिळणारी नाणी, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, हस्तिदंती वस्तू व शिल्पे त्यांनी वर्षानुवर्षे जमविली. या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी करण्यात येते. ब्रिटिश म्यूझीयमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली व हा संग्रह अभ्यासकांच्या नजरेस आणला. पुढे तो शासनाच्या स्वाधीन झाला आणि तेर येथेच लामतुरे यांच्या नावाने शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखाही तेथे ठेवली आहे.

स्वामित्वपरंपरेच्या दृष्टीने लामतुरे संग्रहातील नाण्याची साखळी अतिशय आखूड आहे: टेकाड, सापडणारा गावकरी, लामतुरे, शासन. मधे दलाल नाही, लिलाव नाही, दूरचा बाजार नाही. ‘मराठवाड्यातून आलेले’ एवढ्या तोंडी हवाल्यावर पुण्यामुंबईच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या नाण्यापेक्षा अशा नाण्याचे मोल अभ्यासकास कितीतरी अधिक वाटते, ते याच कारणाने. तरीही या साखळीत एक उणीव आहे. नाणे तेरचे आहे हे निश्चित असले, तरी ते कोणत्या थरातून आले, त्याच्याबरोबर कोणती खापरे होती, हे पावसाने वाहून आणलेल्या नाण्याबाबत कधीच कळणार नाही. ही उणीव उत्खननांनी काही अंशी भरून काढली. बी. एन. चापेकर यांनी १९५८ मध्ये केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला; त्यानंतरही राज्याच्या पुरातत्त्व खात्याने येथे उत्खनने केली. उत्खननातील नाण्यास खड्डा, थर व खोली यांची नोंद जन्मतःच मिळते. थरातले एक नाणे टेकाडावरच्या शेकडो नाण्यांचा काळ ठरविण्यास उपयोगी पडते, आणि शेकडो नाण्यांवरून त्या एका नाण्याचे प्रमाण व प्रकार समजतो. म्हणून संग्राहक व उत्खनक यांच्यात श्रेष्ठकनिष्ठ भाव करण्याचे कारण नाही. तेरमध्ये दोघांनी एकमेकांचे काम पुरे केले आहे.

नाणेनिधी एकत्रित राहिल्यास काय साधते, याचे प्रमाण नासिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेला निधी होय. त्यातील क्षत्रप नहपानाची १३,२५० हून अधिक चांदीची नाणी एच्. आर्. स्कॉट यांनी तपासली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. येथे राज्याच्या हस्तांतराची नोंद नाण्याच्या अंगावरच उमटली आहे. पराभूत राजाचा पैसा जेत्याने आपल्या नावावर करून घेतला. हीच नाणी सुटीसुटी विकली गेली असती, तर पुनर्मुद्रणाचे प्रमाण कधीच मोजता आले नसते. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे १९३९ मध्ये मिळालेला पोटीनच्या सातवाहन नाण्यांचा निधीही मिराशी यांनी असाच एकत्र तपासून प्रसिद्ध केला आणि त्यातून उत्तरकालीन सातवाहन राजांची क्रमवारी स्पष्ट होण्यास मोठे साहाय्य झाले.

कायदा : भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. निधीवर कोणाचा हक्क सिद्ध न झाल्यास व वाटणीविषयी करार नसल्यास तीन चतुर्थांश भाग सापडणाऱ्यास व एक चतुर्थांश जमिनीच्या मालकास मिळतो. सरकारला निधी हवा असल्यास धातूची किंमत व तिचा पाचवा हिस्सा अधिक देऊन तो घेता येतो. या तरतुदीत धातू मोजला जातो, इतिहास मोजला जात नाही. शिशाच्या नाण्याचा मोबदला नगण्य ठरतो आणि सोन्याच्या नाण्याचा मोबदला सराफाच्या भावाच्या आसपासच राहतो. साहजिकच चौकशीच्या फेऱ्यांपेक्षा सराफाची पेढी अनेकांस सोयीची वाटते. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हा १९७६ मध्ये अंमलात आला. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे पुरावशेष ठरते, खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही व पुरावशेषांच्या व्यापारास परवाना लागतो. तथापि परदेशात प्रकट झालेले नाणे अमुक साली भारतात अमुक जागी होते, हे कागदाने दाखविता आले तरच या कायद्याचा उपयोग. जहांगीर बादशहाने १६१३ मध्ये आग्रा येथे पाडलेल्या, सु. बारा किग्रॅ. वजनाच्या हजार मोहरांच्या प्रचंड नाण्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याचा संबंध निजामाच्या घराण्याशी जोडला जातो. १९८७ मध्ये ते जिनीव्हा येथे लिलावास आले, तेव्हा भारत सरकारने चौकशी आरंभिली. परंतु नाणे भारतास परत मिळाले नाही.

तुळजापूर : तेरची नाणी जमिनीतून आली, तर तुळजापूरची भक्तांच्या हातून. तुळजाभवानी ही महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटक, आंध्र व तेलंगणातील असंख्य घराण्यांची कुलदेवता आहे. राजेरजवाडे, सरदार, व्यापारी व सामान्य कुणबी यांनी शतकानुशतके वाहिलेली नाणी व अलंकार मंदिराच्या जामदारखान्यात जमा झाले. कायद्याच्या दृष्टीने देवता ही स्वतंत्र व्यक्ती मानली जाते. म्हणजे वाहिलेल्या नाण्याची स्वामिनी देवी असते. पुजारी, महंत, विश्वस्त वा कर्मचारी हे केवळ राखणदार. राखणदार बदलतात तेव्हा एकाने दुसऱ्याकडे यादीनुसार वस्तू सोपविणे व दोघांनी सही करणे हाच येथील स्वामित्वपरंपरेचा कणा होय.

वाहिलेल्या नाण्यांचे दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार अलंकारातील नाण्यांचा. छत्रपती शिवाजी महाराजांनी अर्पण केली असे परंपरेने मानले जाणारी १०१ मोहरांची माळ देवीच्या अलंकारांत विशेष प्रसिद्ध आहे. बोलीभाषेत मोहर हा शब्द कोणत्याही सोन्याच्या नाण्यास लावतात. परंतु मोगल मोहर सु. अकरा ग्रॅ. वजनाची, तर १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित असलेला, ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेला होन तीन ग्रॅमहूनही कमी वजनाचा असतो. अस्सल होन फारच थोडे ज्ञात आहेत व बाजारात बनावट नमुन्यांचा सुळसुळाट आहे. म्हणूनच ज्याची साखळी थेट सतराव्या शतकापर्यंत नेता येईल, असा एकेक सुवर्णनमुना अभ्यासकांस अमोल वाटतो. तांब्याच्या शिवराईबाबत मात्र सावधगिरी बाळगावी लागते, कारण त्याच अक्षरांच्या शिवराया पुढे पेशवाईतही पाडल्या जात होत्या. पुतळ्यांच्या माळेतील ‘पुतळी’ हे मूळचे व्हेनिसचे डुकाट नाणे किंवा त्याची येथील सोनारांनी केलेली नक्कल. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज यांच्या आकृतींवरून हे नाव पडले. माळेत ओवलेल्या नाण्यास एक संरक्षण लाभते: संख्या ठरलेली असल्याने एक जरी कमी झाले, तरी ते मोजणीत कळते.

दुसरा प्रकार सुट्या नाण्यांचा. त्यास असे संरक्षण नाही. संस्थानी काळात या भागात निजामाचा हाली शिक्का व ब्रिटिशांचा कलदार रुपया अशी दोन चलने चालत. सात हाली रुपयांस सु. सहा कलदार असा भाव असे. शिवाय दूरदूरच्या यात्रेकरूंबरोबर त्यांच्या मुलखातली नाणी येत. हाली शिक्का १९५०–६० या दशकात चलनातून गेला. चलनातील पैसा खर्ची पडतो, पण ज्यास बाजारात भाव नाही असे नाणे ‘जुने’ म्हणून बाजूस ठेवले जाते. देवस्थानात दुर्मीळ नाण्यांचा संचय झाला तो संग्राहकाच्या हौसेने नव्हे, असा या निरुपयोगीपणानेच.

या संचयाविषयी २०२० मध्ये तुळजापूर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविण्यात आला. मंदिराच्या नोंदींत असलेली ७१ पुरातन नाणी आढळत नसल्याची तक्रार होती. बिकानेर, उदेपूर, इंदूर अशा संस्थानांची, मोगल बादशहांची आणि पोर्तुगीजांची नाणी त्यांत असल्याचे सांगण्यात आले. यादीतील ही नावेच देवीच्या भक्तांचा विस्तार केवढा होता याची साक्ष देतात. निरनिराळ्या काळी पदभार देताघेताना केलेल्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्यामुळे हा प्रकार उजेडात आला. म्हणजे लेखी नोंद होती म्हणूनच उणीव कळली. ती नसती, तर नाणी होती हेही कोणास ठाऊक झाले नसते.

मात्र उणीव कळणे व नाणे परत ओळखता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बिकानेरचे रुपये हजारोंनी पाडले गेले आणि ते आजही देशभरच्या बाजारांत कायदेशीरपणे विकले जातात. त्यांतील एखादा देवीच्या जामदारखान्यातला आहे, हे केवळ संस्थानाचे नाव व संख्या यांवरून कोणासही सिद्ध करता येणार नाही. त्यासाठी प्रत्येक नाण्याचे स्वतंत्र वजन, व्यास, ठशाची बैठक, सराफी खुणा व दोन्ही बाजूंची छायाचित्रे लागतात. तेरच्या संग्रहालयातील शिशाच्या नाण्यांनाही हेच लागू आहे, आणि तेथे निकड अधिक आहे, कारण शिसे हवेतील ओलाव्याने व लाकडी कपाटांतील आम्लबाष्पाने पांढरे पडते व भुकटी होऊ लागते. असे नाणे कोणी न चोरताही काही दशकांत ओळखण्यापलीकडे जाते. नंतर त्याचे छायाचित्र व पाकिटावरील गावाचे नाव एवढेच शिल्लक राहते.